अंकीय युगातील बौद्धिक संपदा कायदा : मराठी ग्रंथ, वर्गखोली आणि आवाज यांच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

बौद्धिक संपदा या विषयाची चर्चा आपल्या महाविद्यालयीन परिसंवादांत बहुधा पेटंट, व्यापारचिन्ह आणि हळद-बासमतीच्या सुपरिचित उदाहरणांभोवती फिरते. त्यामुळे हा कायदा औषध कंपन्या, चित्रपट निर्माते आणि संगणक उद्योग यांच्यापुरताच आहे, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात आज या कायद्याशी सर्वाधिक वेळा संबंध येतो तो अध्यापकाचा. जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातील महाविद्यालयात शिकविणारा प्राध्यापक जेव्हा एखाद्या ग्रंथाच्या प्रकरणाचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवितो, आपले व्याख्यान यूट्यूबवर ठेवतो किंवा नियतकालिकाच्या हक्क-हस्तांतरण पत्रावर स्वाक्षरी करतो, तेव्हा तो स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या कक्षेतच वावरत असतो.

स्वामित्वहक्काची, म्हणजेच कॉपीराइटची, कल्पना मूलतः ‘प्रत’ या संकल्पनेवर उभी आहे. मुद्रणयुगात ग्रंथ वाचणे, मित्राला देणे, जुन्या बाजारात विकणे या क्रियांमध्ये नवी प्रत निर्माण होत नसे. म्हणून कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. संगणकावर मात्र ग्रंथ उघडला तरी यंत्राच्या स्मृतीत त्याची प्रत निर्माण होते. तो दुसऱ्याला दिला की दुसरी प्रत होते. म्हणजे वाचकाने काही वेगळे केले नाही, तरी केवळ साधन बदलल्यामुळे त्याची नित्याची कृती कायद्याच्या कक्षेत आली. या एका बदलामुळे कायद्यातील अपवाद, मुदत आणि करार या पूर्वी गौण वाटणाऱ्या बाबी आता केंद्रस्थानी आल्या आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, भारतीय कायद्याने अंकीय साधनांची दखल घेतली असली, तरी ती हक्कधारकाच्या संरक्षणाबाबत जितकी तपशीलवार आहे तितकी वाचक, विद्यार्थी आणि सामान्य कलावंत यांच्याबाबत नाही. हे प्रतिपादन महाराष्ट्रातील ग्रंथव्यवहार आणि मुख्यत्वे मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय यांच्या आधारे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कायद्याची चौकट :

स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ चा असून त्यात १९८३, १९८४, १९९२, १९९४, १९९९ आणि २०१२ मध्ये दुरुस्त्या झाल्या. १९८४ व १९९४ च्या दुरुस्त्यांनी संगणक प्रणालीला साहित्यकृतीच्या वर्गात आणले. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक कुलुपे तोडण्यास कलम ६५-अ अन्वये शिक्षा सांगितली, अंकीय माध्यमातील क्षणिक साठवणुकीस कलम ५२ मध्ये सूट दिली, दृष्टिहीनांसह सर्व अपंगांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती काढण्याची मुभा दिली आणि कलावंतांचे हक्क विस्तारले. या दुरुस्तीचे महत्त्व मान्य करूनही हे नमूद करावे लागेल की, ती झाली तेव्हा भ्रमणध्वनीवरील स्वस्त आंतरजाल, ध्वनिग्रंथ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांपैकी काहीही आजच्या स्वरूपात अस्तित्वात नव्हते.

संरक्षणाची मुदत : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांचे उदाहरण :

मूळ अधिनियमात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मध्ये झाले असल्याने १९९१ च्या अखेरीस विश्वभारतीचा त्यांच्या साहित्यावरील हक्क संपणार होता. त्याच सुमारास प्रथम अध्यादेशाने आणि नंतर १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत साठ वर्षांची करण्यात आली. एका संस्थेच्या अडचणीतून उद्भवलेला हा बदल सर्व भाषांतील सर्व लेखकांना लागू झाला. साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यांचे साहित्य २००० च्या अखेरीस मुक्त झाले असते, ते २०१० च्या अखेरीस झाले. आंतरजालाचा प्रसार नेमका याच दशकात झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या दहा वर्षांचे मोल कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. कलम २२ प्रमाणे पुढील वर्षाच्या प्रारंभापासून साठ वर्षे मोजता ३१ डिसेंबर २०१६ रोजी ही मुदत पूर्ण झाली. त्यामुळे ‘२०१७ पासून बाबासाहेबांचे सारे साहित्य खुले झाले’ असे विधान सर्रास केले जाते. हे विधान अपुरे आहे. कलम २२ हे लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कृतींना लागू होते. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित होणाऱ्या साहित्यकृतींसाठी कलम २४ आहे व त्यानुसार साठ वर्षे प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजली जातात. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, १९३६ चे जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील भाषण, १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ आणि १९५५ चे भाषावार प्रांतरचनेवरील विवेचन ही निःसंशय मुक्त झाली आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे मूळ इंग्रजी प्रकाशन १९५७ चे, म्हणून त्याची मुदत २०१७ च्या अखेरीपर्यंत गेली. परंतु महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेत अनेक हस्तलिखिते प्रथमच प्रकाशात आली. १९८७ मध्ये चौथ्या खंडात आलेले आणि त्या काळी मोठ्या वादाचा विषय झालेले हिंदू धर्मातील कूटप्रश्नांविषयीचे लेखन हे त्याचे ठळक उदाहरण होय. कलम २४ चा शब्दशः अर्थ घेतल्यास त्यावरील हक्क २०४७ च्या अखेरीपर्यंत टिकतो. म्हणजे लेखकाच्या निधनानंतर एक्क्याण्णव वर्षे!

येथे आणखी दोन थर विचारात घ्यावे लागतात. पहिला संपादनाचा. वसंत मून यांनी संपादिलेल्या प्रारंभीच्या खंडांतील रचना, टिपा व सूची हे शासनाचे प्रकाशन असल्याने कलम १७ व २८ अन्वये त्यातील स्वतंत्र भागावर शासनाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे राहतो. मात्र हा हक्क मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात न्यायनिर्णयांच्या संगणकीय संग्रहाविषयी असे ठरविले की, केवळ श्रम व भांडवल खर्च केल्याने नवा हक्क निर्माण होत नाही. त्यात कौशल्य, विवेक आणि किमान सर्जनशीलता दिसली पाहिजे. या निकषावर, मुक्त झालेल्या ग्रंथाचे पान केवळ यंत्राखाली धरून त्याची प्रतिमा काढणाऱ्यास त्या पानावर नव्याने मालकी सांगता येणार नाही. जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रतिमांवर स्वतःची मुद्रा उमटवून ‘सर्व हक्क राखीव’ असे छापणाऱ्या संस्थांनी या निर्णयाकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

दुसरा थर अनुवादाचा. बाबासाहेबांचे बहुतेक प्रमुख ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठी विद्यार्थी ते अनुवादातून वाचतो आणि अनुवाद ही स्वतंत्र कृती असल्याने तिच्यावर अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क असतो. परिणामी इंग्रजी वाचणाऱ्यास ग्रंथ मुक्त होतो, तेव्हाही केवळ मराठी जाणणाऱ्यास तो मुक्त होत नाही. ज्यांच्यासाठी हे लेखन झाले त्यांच्यापर्यंतच ते सर्वांत उशिरा पोहोचावे, ही या कायद्यातील विसंगती इतर कोणत्याही उदाहरणात इतकी स्पष्ट दिसत नाही.

तथापि मुदत संपणे म्हणजे उपलब्धता, असेही नाही. शासनाच्या या ग्रंथमालेची छपाई रखडल्याच्या ‘लोकसत्ता’तील वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी हयातीत प्रकाशित झालेल्या ग्रंथांवरील हक्काची मुदत संपून पाच वर्षे होत आली होती. यावरून दिसते की, कायदा हक्कधारकास इतरांना रोखण्याचा अधिकार देतो. परंतु ग्रंथ उपलब्ध ठेवण्याचे कर्तव्य कोणावरही सोपवीत नाही. जनतेपासून रोखून ठेवलेल्या कृतींसाठी कलम ३१ आणि हक्कधारकाचा शोध लागत नाही अशा कृतींसाठी कलम ३१-अ यांत सक्तीच्या परवान्याची सोय आहे. पण तो परवाना देणारे मंडळ प्रथम अपील मंडळात विलीन झाले व २०२१ मध्ये तेही रद्द होऊन काम न्यायालयांकडे गेले. शंभर पानांच्या दुर्मीळ पुस्तकासाठी न्यायालयाची पायरी चढणारा ग्रंथपाल आपल्याला कोठे आढळेल?

येथे एका तांत्रिक अडचणीचाही उल्लेख अपरिहार्य आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या प्रारंभी मराठी ग्रंथांची जुळणी श्री-लिपी, आकृती, इस्म यांसारख्या प्रणालींतील अक्षरसंचांत झाली. त्यांची सांकेतिक रचना परस्परांहून भिन्न आणि युनिकोडपूर्व होती. अशा फाइलमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाला तो मराठी म्हणून कळत नाही. त्यामुळे त्यात शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीनांचे वाचन-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. अपंगांसाठी सुलभ प्रत काढण्याचा हक्क २०१२ मध्ये मिळाला आणि दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश करारास भारताने २०१४ मध्ये मान्यताही दिली. परंतु प्रकाशकाने मूळ फाइल युनिकोडमध्ये द्यावी असे बंधन नसल्याने मराठीतील अंध विद्यार्थ्यासाठी आजही कोणीतरी पुन्हा अक्षरजुळणी करावी लागते. हक्क आहे, पण तो बजावण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती आहे.

वर्गखोली आणि कलम ५२ :

अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रतिकृती हा हक्कभंग नव्हे, असे कलम ५२(१)(आय) सांगते. या तरतुदीचा अर्थ दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सेवेविरुद्धच्या दाव्यात लागला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी हा दावा केला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रथम दावा फेटाळला. नंतर खंडपीठाने ‘अध्यापनाचा ओघ’ हा केवळ वर्गातील तासापुरता नसून अभ्यासक्रम ठरविण्यापासून परीक्षेपर्यंतच्या संपूर्ण प्रक्रियेला व्यापतो, असे स्पष्ट केले आणि संबंधित उतारे अध्यापनाच्या हेतूने कितपत समर्थनीय आहेत एवढाच प्रश्न चौकशीसाठी ठेवला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने हा निर्णय दिलासा देणारा आहे. मात्र त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कलमातील शब्द ‘प्रतिकृती’ हा आहे. ‘जनतेपर्यंत प्रसारण’ हा अधिनियमातील निराळा हक्क आहे. छायाप्रत काढून वर्गात वाटणे ही प्रतिकृती, हे निश्चित. तेच प्रकरण पासवर्डने मर्यादित अशा वर्गगटावर ठेवणे हेही अध्यापनाच्या ओघात येते, असा युक्तिवाद समर्थपणे करता येईल. पण ते कोणालाही उघडता येईल अशा टेलिग्राम वाहिनीवर वा संकेतस्थळावर ठेवले, तर तो प्रसाराचा भाग होतो आणि कलमाचे संरक्षण दुबळे पडते. २०२० च्या महासाथीत अवघे अध्यापन आंतरजालावर गेले, तरी ही सीमारेषा विधिमंडळाने वा न्यायालयाने आखून दिलेली नाही. ती अध्यापकाच्या अंदाजावर सोडलेली आहे आणि अंदाज चुकल्यास दायित्व त्याचेच आहे.

ग्रंथालयांबाबतही असेच. ग्रंथालयाकडे छापील प्रत असल्यास जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्याची मुभा कलम ५२(१)(एन) देते. पण ती ‘अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालया’स. अनुदानित महाविद्यालयाचे ग्रंथालय सार्वजनिक आहे काय, याची व्याख्या अधिनियमात नाही. शिवाय जतन करता येईल, परंतु जतन केलेली प्रत वाचकास दुरून दाखविता येईल असे कोठेही म्हटलेले नाही.

अध्यापक : लेखक आणि हक्कधारक :

अध्यापक हा केवळ वाचक नाही, तो लेखकही आहे. या भूमिकेत त्याचे हक्क कोणते, याविषयी आपल्याकडे आश्चर्यकारक उदासीनता आढळते. कलम १७ नुसार लेखक हा प्रथम हक्कधारक असतो. नोकरीच्या कराराखाली नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, अन्यथा ठरले नसल्यास, मालकाकडे जातो. सार्वजनिक भाषणाचा हक्क मात्र भाषण करणाऱ्याचाच असतो. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने संस्थेच्या वाहिनीवर ठेवण्याची प्रथा वाढत असताना संस्था व अध्यापक यांनी याबाबत लेखी ठरवून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

नियतकालिकांच्या हस्तांतरण पत्रांबाबतही कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, पण तो वाचला जात नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असले पाहिजे. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता समजला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशी भर घातली की, करार झाला त्या वेळी अस्तित्वात वा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला तो करार, तसा स्पष्ट उल्लेख नसल्यास, लागू होणार नाही. मराठीत याला मोठे व्यावहारिक महत्त्व आहे. स्टोरीटेलसारखी सेवा २०१७ मध्ये मराठीसह भारतात आली आणि जुन्या कादंबऱ्यांच्या ध्वनिग्रंथांना मागणी निर्माण झाली. १९७० किंवा १९८० च्या दशकातील प्रकाशन करारांत ध्वनिग्रंथ वा ई-पुस्तक यांचा उल्लेख असणे शक्य नव्हते. त्या करारांना ही दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू होते की नाही याविषयी दोन मते संभवतात. तथापि लेखकांच्या वारसांनी जुने करार काढून वाचावेत, इतके तरी ती निश्चित सुचविते.

येथे वाङ्मयचौर्य आणि हक्कभंग यांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनंतर हे दोन्ही शब्द समानार्थी असल्यासारखे वापरले जातात. त्या विनियमांनी साम्याचे दहा, चाळीस आणि साठ टक्के असे टप्पे पाडून शिक्षा सांगितल्या. परंतु ज्ञानेश्वरीवरील जुन्या, मुक्त झालेल्या टीकेतील विवेचन नामोल्लेखाविना आपले म्हणून छापणे हे वाङ्मयचौर्य आहे, हक्कभंग नाही. उलट हयात लेखकाचा संपूर्ण ग्रंथ त्याच्या नावासह संकेतस्थळावर ठेवणे हा हक्कभंग आहे, वाङ्मयचौर्य नाही. पहिला अपराध ज्ञानव्यवहाराच्या सचोटीविरुद्ध आहे, दुसरा मालमत्तेविरुद्ध. टक्केवारी मोजणारे सॉफ्टवेअर या दोहोंपैकी कशाचाही निवाडा करू शकत नाही.

मध्यस्थ, अनामिक प्रतिवादी आणि बंद संकेतस्थळे :

चित्रपटांच्या चोरट्या प्रतींचा प्रश्न मराठीला नवा नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’ची अनधिकृत प्रत काही दिवसांतच प्रसृत झाली होती. हा चित्रपट तरीही शंभर कोटींच्या उत्पन्नापर्यंत पोहोचला. पण लहान निर्मात्यास असा फटका सोसवेलच असे नाही. अशा प्रसंगी निर्माते ‘अशोक कुमार’ अथवा ‘जॉन डो’ या नावाने अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मागतात आणि सेवापुरवठादार संकेतस्थळे बंद करतात.

याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात घेतलेली भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे सरसकट बंद करण्याऐवजी पडताळणी केलेल्या विशिष्ट दुव्यांपुरताच आदेश मर्यादित ठेवला आणि बंद पानावर आदेशाची माहिती व दाद मागण्याचा मार्ग दिसावा असा आग्रह धरला. केवळ पाहणे हाच गुन्हा असल्याचे सूचित करणाऱ्या इशाऱ्याचा मजकूरही त्यांनी तपासला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यूटीव्ही प्रकरणात याहून कठोर, म्हणजे नव्याने उगवणाऱ्या प्रतिरूप संकेतस्थळांनाही लागू होणारा गतिमान मनाई हुकूम मान्य केला. हक्कधारकाच्या दृष्टीने दुसरा मार्ग परिणामकारक आहे. परंतु ज्याचे पान बंद होते त्याची बाजू न ऐकता हे घडत असल्याने पहिल्या मार्गातील सावधगिरी अधिक न्याय्य वाटते. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती अधिनियमाने चोरट्या चित्रीकरणास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाखांचा दंड सांगितल्यावर तर तपासाची काटेकोरता अधिकच महत्त्वाची ठरते.

ध्वनिमुद्रणांबाबत टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणातील निर्णय महत्त्वाचा आहे. कलम ३१-ड मधील प्रसारणाचा वैधानिक परवाना आंतरजालावरील संगीत सेवांना मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले व २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले. तरतुदीचा शब्दार्थ पाहता हा निर्णय योग्य आहे. पण त्यामुळे जुन्या नाट्यपदांचे वा लोकसंगीताचे मुद्रण आंतरजालावर यावे की नाही, हे सर्वस्वी ध्वनिमुद्रिका कंपनीच्या इच्छेवर राहते.

आवाजाची मालकी :

अंकीय युगाने उभा केलेला सर्वांत नवा प्रश्न आवाजाचा आहे. स्वामित्वहक्क गीताला आहे, चालीला आहे, ध्वनिमुद्रणाला आहे, आवाजाला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एखाद्या गायकाच्या आवाजात त्याने कधीही न गायिलेले गीत निर्माण केले, तर त्यात कोणत्या कृतीची प्रत झाली, असा प्रश्न निर्माण होतो. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात अंतरिम आदेश देऊन अशा साधनांना प्रतिबंध केला. नाव, चेहरा व आवाज यांवर व्यक्तीचा अधिकार असून तिच्या संमतीविना कोणाचाही आवाज तिच्या आवाजात रूपांतरित करून देणारे साधन पुरविणे हा प्रथमदर्शनी त्या अधिकाराचा भंग आहे, असा या आदेशांचा आशय आहे.

हे आदेश स्वागतार्ह आहेत. पण त्यांचा पाया पाहिला पाहिजे. व्यक्तिमत्त्व-अधिकाराचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. खासगीपणाचा मूलभूत हक्क, फसव्या सादरीकरणाविरुद्धचा सामान्य कायदा आणि कलम ३८-ब मधील कलावंताचा नैतिक हक्क यांच्या आधारे न्यायालयांनी तो घडविला आहे. त्यात ‘प्रसिद्धी’ हा घटक निर्णायक ठरतो. ज्याचा आवाज देशाला ओळखीचा, त्याला संरक्षण. ज्याचा आवाज केवळ पंचक्रोशीला ओळखीचा, त्या शाहिराला, कीर्तनकाराला किंवा वाघ्या-मुरळीला काय? कलम ६२ प्रमाणे अधिनियमातील हक्काच्या भंगाबद्दल दावा वादीच्या निवासस्थानच्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. म्हणजे भोकरदन तालुक्यातील कलावंतास मुंबईस जाण्याची गरज नाही, जालन्यास दावा करता येईल. परंतु ही सोय अधिनियमातील हक्कांपुरतीच आहे आणि कलम ३८-अ मधील कलावंताचा हक्क हा प्रत्यक्ष सादरीकरणाच्या मुद्रणाला संरक्षण देतो, त्यावरून घडविलेल्या नव्या आवाजाला नव्हे. यंत्राला शिकविण्यासाठी मूळ मुद्रणाची प्रत काढली गेली, एवढाच धागा त्याच्या हाती उरतो आणि तो सिद्ध करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जात्यावरच्या ओव्यांनी हा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने उपस्थित होतो. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्या पुढे ‘पारी’ या संकेतस्थळावर गायिकांच्या व गावांच्या नावांसह उपलब्ध झाल्या. ओवी परंपरेची, म्हणून तिला लेखक नाही. लेखक नाही, म्हणून स्वामित्वहक्क नाही. गायिकेच्या मुद्रणाला कलावंत म्हणून पन्नास वर्षांचे संरक्षण मिळू शकते, पण ज्या स्त्रीसमूहाने ती ओवी पिढ्यान्‌पिढ्या घडविली त्याला कायदा ओळखत नाही. संकलकांनी नाव-गाव नोंदविण्याची जी नीती पाळली, ती कायद्याने सांगितलेली नसून अभ्यासकाच्या विवेकातून आलेली आहे. आपल्या विद्यार्थ्यांकडून लोकसाहित्याचे संकलन करवून घेणाऱ्या मराठी विभागांनी ती अनुकरणीय मानावी.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी मजकूर :

१९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती. प्रश्नकर्ता, प्रणालीचा निर्माता आणि ज्यांच्या लेखनावर प्रणाली शिकली ते लेखक, यांपैकी ‘निर्माण करविणारा’ कोण, याचे उत्तर त्या तरतुदीत नाही. प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी मजकूर वापरणे हा हक्कभंग आहे काय, हा प्रश्न एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात उपस्थित केला. केंद्र शासनाच्या उद्योग संवर्धन विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रिकेत सक्तीचा सरसकट परवाना आणि हक्कधारकांना मोबदला असा मार्ग सुचविला आहे.

मराठीच्या दृष्टीने येथे दोन हितसंबंधांचा विचार करावा लागतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या भाषेतील दर्जेदार मजकूर यंत्रांना उपलब्ध झाला नाही, तर नव्या साधनांत मराठी मोडकीतोडकीच राहील. दुसरीकडे, मराठी लेखकाचे उत्पन्न मुळातच तुटपुंजे असताना त्याचे लेखन मोबदल्याविना वापरले जाणे अन्यायाचे आहे. सरसकट परवान्याची कल्पना या दोहोंचा मेळ घालू पाहते. परंतु मोबदल्याच्या वाटपात संघटित इंग्रजी व हिंदी हक्कधारक पुढे आणि असंघटित मराठी लेखक मागे, असे होण्याचा धोका आहे. म्हणून मुक्त झालेले मराठी ग्रंथ शुद्ध युनिकोड मजकुराच्या रूपात प्रथम उपलब्ध करून देणे हा अधिक निर्विवाद मार्ग ठरतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली प्रकाशने विनामूल्य दिली, विश्वकोश आंतरजालावर आला, विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी साने गुरुजींचे साहित्य उतरविले, हे प्रयत्न त्याच दिशेचे आहेत.

निष्कर्ष आणि सूचना :

१. अंकीय माध्यमात प्रत्येक वापर ही प्रत ठरत असल्याने कलम ५२ मधील अपवादांना गौण सवलत न मानता वाचकाचे व अध्यापकाचे हक्क मानले पाहिजे; अध्यापनविषयक अपवादात नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित प्रसारणाचा स्पष्ट समावेश व्हावा.

२. ‘सार्वजनिक ग्रंथालया’च्या व्याख्येत अनुदानित महाविद्यालयांची ग्रंथालये यावीत.

३. मरणोत्तर प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून साठ वर्षांचे संरक्षण देणाऱ्या कलम २४ चा फेरविचार व्हावा. एखाद्या थोर विचारवंताचे हस्तलिखित जितक्या उशिरा छापावे तितका हक्क लांबावा, ही व्यवस्था विलंबाला बक्षीस देणारी आहे.

४. शासकीय खर्चाने प्रकाशित होणारा प्रत्येक मराठी ग्रंथ छपाईबरोबरच युनिकोड मजकुराच्या रूपात खुला व्हावा. यासाठी अधिनियमात दुरुस्तीची आवश्यकता नाही. शासन निर्णय पुरेसा आहे.

५. आवाज व प्रतिमा यांच्या संरक्षणाचा कायदा प्रसिद्धीच्या निकषावर नव्हे, तर संमतीच्या निकषावर आधारलेला असावा.

६. महाविद्यालयांनी अध्यापकांची व्याख्याने, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि लोकसाहित्याची संकलने यांच्या हक्कांविषयी लेखी धोरण ठरवावे.

यांपैकी पहिल्या पाच सूचना विधिमंडळाच्या व शासनाच्या अखत्यारीतील आहेत आणि त्यांना वेळ लागेल. सहावी सूचना मात्र महाविद्यालयाच्या पुढील बैठकीत विषयपत्रिकेवर घेता येण्याजोगी आहे.